पहिल्या हाकेला ओ

१

पहिल्यांदा खटकली ती हाक.

यजमान काका गाडीतून दुसरी बॅग आणायला मागे वळले होते. "तू हो आत, बूट काढून ठेव," एवढं सांगून त्यांनी दार नुसतं लोटून दिलं होतं. एका हातात बूट, दुसऱ्या हातात मोठी बॅग, अशा अवतारात भागू त्या अरुंद बोळकांडीत उभी होती. बॅगेचं एक चाक प्रवासातच मोडलं होतं. ओढली की खर्र-टक, खर्र-टक असा लाजिरवाणा आवाज यायचा. जिन्याच्या पायथ्याशी येऊन ती थांबली आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली.

"भागूऽ!"

दूध उतू गेल्यावर आई मारते ना, तशी. वैतागलेली, शेवटी चढलेली.

"ओ! आले हं!" ती म्हणाली.

म्हणून झालं आणि मग तिच्या लक्षात आलं की आई समुद्रापलीकडे आहे. कागदावरचं तिचं नाव वेगळंच होतं. 'भागू' हे घरातलं, आईने भित्री भागूबाईवरून पाडलेलं. झुरळ दिसलं की पलंगावर चढणाऱ्या, कुकरची शिट्टी झाली तरी दचकणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? ते नाव या देशात कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

वरून पुन्हा काही आलं नाही. फोन उचलून पलीकडच्याने नुसतंच ऐकत राहावं, तशी शांतता होती ती.

काका बॅग घेऊन आत आले. "उभी का? वर जा की."

"वर कोण आहे?"

"वर तुझी खोली आहे. दुसरं कोण असणार?" काका हसले. "तुझी मावशी संध्याकाळपर्यंत कामावर असते."

प्रवासाचा शीण. कानात विमान अजून घुमतंय. भागूने स्वतःची समजूत घातली आणि बॅग उचलून जिना चढली. मनात मात्र पाल चुकचुकलीच. निघताना आईने बजावलं होतं, अर्ध्या थट्टेत, अर्ध्या खऱ्यात: "नव्या जागी पहिल्या हाकेला ओ देऊ नये गं. दोन-तीनदा मारू दे, मग बघ कोण आहे ते." आणि भागू म्हणाली होती, "आई, मी पदवीधर आहे."

२

घर तसं साधं, दोन मजली. खाली बोळकांडी, स्वयंपाकघर आणि बसायची खोली. वर भागूची खोली, त्या दोघांची खोली, न्हाणीघर. जिन्यातली मधली एक पायरी कुरकुरायची.

मावशी शहरातली बस चालवायच्या आणि घरातही त्या चालकाच्याच जागेवर असायच्या. जेवायला बसलं की आधी भुवया उंचावून वर एक नजर टाकायच्या, बसमधल्या आरशात बघतात तशी. "सगळे बसले," असं स्वतःशीच म्हणायच्या आणि मग चमचा उचलायच्या. काका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. त्यांना सगळ्या जगात भिंगंच दिसायची. दोन टोमॅटो, दोन सदरे, दोन बातम्या, काहीही समोर धरून, डोळे तपासताना काचा बदलत विचारतात तसं विचारायचे, "ही बरी, की ही?" दोघंही प्रेमळ होती, त्याबद्दल तक्रार नाही. ज्या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या योजनेतून भागू आली होती, तिचा नियमच होता की पाहुणी म्हणून राहायचं नाही, घरचं माणूस होऊन राहायचं.

भागूला तेच तर करायचं होतं. कुणी करू देईल तर ना!

पहिल्याच आठवड्यात चहा पिऊन ती कप धुवायला उठली.

"ठेव गं," मावशी म्हणाल्या. "मघाशी सगळी भांडी धुतलीस ना, पुरे झालं."

"मी? कधी?"

मावशींनी जाळीकडे बोट दाखवलं. भांडी ओळीने पालथी होती, अजून पाणी गळत होतं. भाषा आपल्याला नीट कळली नसेल, असं भागूने ठरवलं. कॉलेजात शिकलेली भाषा आणि बोलणाऱ्यांची भाषा यांत एवढं तेवढं अंतर असतंच. पण मग ती कपडे वाळत घालायला गेली, तर ते घातलेले. कुंड्यांना पाणी द्यायला गेली, तर माती ओली. अंघोळीला गेली, तर तिचाच टॉवेल ओलाचिंब आणि आरशावर वाफ.

"तुम्ही माझा टॉवेल घेतलात का हो?" तिने धीर करून विचारलं.

मावशी दुखावल्या. "मी? अगं, पाच मिनिटांपूर्वी तूच नाही का गुणगुणत बाहेर आलीस!"

भागू न्हाणीघरात कधी गुणगुणत नसे. पाणी डोळ्यांवर असताना मागे कुणी उभं राहिलं तर ऐकू यावं म्हणून.

३

"अगं, सकाळीच तर एवढं बोललीस!" फोनवर आई म्हणाली.

"सकाळी मी झोपले होते, आई."

"हो का? मग कोण बोललं, तुझी शेजारीण? त्या घरातल्या फोनवरून केला होतास. बाबांच्या गुडघ्याचं विचारलंस, मोरीच्या नळाचं विचारलंस. बाबा म्हणाले, आपली भागू सुधारली हो. रड नाही, कुरकुर नाही."

बाबांच्या गुडघ्याचं विचारायचं भागू गेले तीन फोन विसरत होती. त्यामुळे ती आधी खजील झाली आणि मग तिला भयंकर राग आला. नक्की कशाचा, ते तिला सांगता आलं नसतं.

"आई, ऐक. ती मी नव्हते."

"बरं, नव्हतीस."

"थट्टा नको गं!"

"मी कुठे करतेय? तूच म्हणालीस सकाळी, की आई, मी अधूनमधून घाबरून काहीबाही बोलले तर मनावर घेऊ नकोस. बघ, तुझं तुलाच कळायला लागलंय."

खोलीचं दार लोटलेलं होतं. जिन्यातली पायरी कुरकुरली. एकदाच. चढणारं माणूस चढत राहतं, उतरणारं उतरत राहतं. हे मध्येच थांबलं होतं.

"आई," ती कुजबुजली, "तिला काय नावाने हाक मारलीस तू?"

"कुणाला?"

"सकाळी जी बोलली तिला."

"भागूच म्हणाले. दुसरं काय म्हणणार?" आई हसली. "आणि ओ दिलीस की लगेच!"

४

यावर उपाय एकच होता. आधी पोचायचं.

सकाळच्या वेळेत तिला गल्लीच्या टोकाशी असलेल्या वाचनालयात काम होतं, परत आलेली पुस्तकं कपाटात लावायचं. त्या दिवशी ती चहासुद्धा न घेता धावत सुटली. दार उघडायच्या वेळी पायरीवर ती एकटीच होती. ग्रंथपाल आल्या, भिजलेली छत्री झटकत. यांना बोलायची हौस दांडगी.

"काय गं, काही विसरलीस का?"

"म्हणजे?"

"काल संध्याकाळी थांबून सगळं लावून गेलीस की! मुलांचं कपाटसुद्धा. मी आमच्या ह्यांना सांगितलं, पोरगी आली तेव्हा सशासारखी होती, आता बघा. बोलते किती गोड! आमच्या भाषेतले विनोद आम्हालाच ऐकवते."

भागूला त्या भाषेत अजून दुकानात उरलेले पैसे परत मागताना घाम फुटायचा.

पुस्तकं लागली होती. तिने लावली असती त्याहून चांगली, कणे एका रेषेत. एक वेंधळी चूक तरी असावी म्हणून ती कपाट कपाट धुंडाळत राहिली. नव्हती. मग एक पुस्तक तिने मुद्दाम उलटं खोचलं, दाणकन, आणि लगेच शरमून सरळ केलं. माणसाने चिडायचं तरी कुणावर? आपल्याहून बरं वागणाऱ्या आपल्यावर? चोराने घरात शिरून केर काढावा, दिवा लावावा, आईची विचारपूस करावी, तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण हा नागोबा बीळ लख्ख ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी ती आणखी लवकर उठली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. दिवा बंद, ओटा कोरडा. जिंकल्यासारखी ती आपल्या खुर्चीवर बसली.

आणि ताडकन उठली. खुर्ची ऊबदार होती.

५

योजनेच्या संयोजिका बाई फोन उचलत नसत. फोन लावला की त्यांचाच आधी भरून ठेवलेला आनंदी आवाज निरोप ठेवायला सांगायचा. भागूने ठेवले. आधी नम्र, मग कमी नम्र, मग रडके. शेवटी बस धरून ती थेट त्यांच्या कचेरीतच जाऊन उभी राहिली.

"ये, ये!" बाई म्हणाल्या. "काल ठरल्याप्रमाणे सगळं झालंय. मुक्काम वाढवलाय तुझा. आईंशीही बोलले मी. त्या म्हणाल्या, तिचं मन रमलंय तर राहू दे."

भागू चाचपडत समोरच्या खुर्चीत बसली. "मी वाढवून मागितलेला नाही."

"काल याच खुर्चीत बसून मागितलास की."

"बाई, मला घरी जायचंय. आमच्या घरात... त्या घरात माझ्यासारखी कुणीतरी आहे. ती माझ्या आधी सगळं करते. माझ्या आईशी बोलते. आता माझ्याऐवजी ठरवायलासुद्धा लागली!" हे मोठ्याने कानावर पडल्यावर तिचं तिलाच ते वेडगळ वाटलं. शिवाय भाषा अडखळत होती आणि 'माझ्यासारखी'साठी तिला शब्दच सापडत नव्हता. तिने नुसतं स्वतःकडे बोट दाखवलं.

बाईंनी टेबलावरून हात पुढे करून तिचा हात थोपटला. "काल तू म्हणालीस तस्संच झालं बघ."

"काय म्हणाले मी?"

"की कधीकधी मला जुनी भीती गाठते. तशी मी आले, तर मला समजावून परत पाठवा."

भागूने हात झटकन मागे घेतला. चिडून टेबलावर हात आपटावासा वाटला, पण आवाजाने आपणच दचकू हे ठाऊक असल्यामुळे तिने तो मांडीवर आपटला.

"माझ्याकडे परतीचं तिकीट आहे," ती म्हणाली. "मी जाणार. आणि आईला मीच सांगणार. मीच."

"नक्की सांग," बाई समजुतीने म्हणाल्या. "फोन लागला तर."

६

फोन लागत नव्हता. वाजायचा आणि वाजून वाजून बंद पडायचा. घरातल्या फोनवरून करू म्हणून ती बोळकांडीत गेली, तर तो कुणीतरी नुकताच ठेवल्यासारखा. कानाला लावायचा भाग दमट, श्वासाने ओलावलेला. तिने तो तसाच खाली टाकला.

संध्याकाळी जेवायला ती उशिरा उतरली. पायरी कुरकुरली. स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज आला.

"सगळे बसले."

भागू दारातच थबकली. टेबलाशी काका आणि मावशी, आणि तिसरी तिची खुर्ची, मागे सरकवलेली, रिकामी. पुढ्यातल्या ताटलीतलं सूप अर्धं संपलेलं.

"मी अजून बसले नाही, मावशी."

मावशींनी मान वर करून पुन्हा त्या नसलेल्या आरशात पाहिलं. एका जागेवर दोन उतारू आले की बसचालकाच्या कपाळावर जी आठी पडते, ती त्यांच्या कपाळावर पडली. त्यांनी पाव कापायला घेतला.

"मी उद्या घरी चाललेय," भागू म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तुम्ही दोघं माझ्याशी छान वागलात. पण या घरात काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. मला वेडी ठरवू नका."

"कुणी ठरवलं वेडी?" काका म्हणाले. ते खरोखर कळवळले होते. "अगं, तुझे डोळे दमलेत. थांब." त्यांनी दुकानातून आणलेली भिंगांची पेटी उघडली आणि तपासणीची ती जड, गोल चौकट तिच्या नाकावर चढवली. बोटांना भिंगं पुसायच्या द्रवाचा वास येत होता. "समोर बघ. सरळ."

समोर तिची खुर्ची होती.

भिंग खाचेत बसलं, टक. "ही?"

खुर्ची. ताटली. मागच्या खिडकीत अंधारून आलेलं अंगण.

काकांनी भिंग काढून दुसरं सरकवलं, टक. "की ही?"

कडा विरघळल्या, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं झालं. आणि त्या धूसर पाण्यात खुर्चीवर कुणीतरी बसलेलं होतं. पाठमोरं. अंगात मोहरीच्या रंगाचा स्वेटर, जो या घटकेला भागूच्याच अंगात होता. केस नुकते धुतलेले, पाठीवर मोकळे. ते जे होतं ते अजिबात घाबरलेलं नव्हतं. खांदे किती निवांत! भागूचे खांदे आयुष्यात कधी इतके खाली आले नव्हते. मग ते खांदे वळू लागले.

तिने चौकट ओरबाडून काढली. खुर्ची रिकामी होती.

"कुठली बरी?" काकांनी हळूच विचारलं.

"पहिली," भागू म्हणाली. "पहिली, पहिली."

काकांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी पावावरची नजर उचलली नाही.

"हं," काका भिंगं पुसत म्हणाले. त्या आवाजात वाईटपणाचा लवलेश नव्हता. "आम्हाला दुसरी जास्त स्पष्ट दिसते."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मावशी बसवर, काका दुकानात. ऊन स्वच्छ पडलं होतं आणि त्या उजेडात भागूची भीती थोडी मागे सरून राग पुढे आला होता. तिने बॅग भरली. कपडे कोंबले, घडीबिडी गेली खड्ड्यात. परतीचं तिकीट आणि पारपत्र स्वेटरच्या आत, थेट छातीशी ठेवलं. पलंग मुद्दाम विस्कटलेला ठेवला. घालू दे तिला घड्या!

बॅग खर्र-टक करत तिने जिन्याच्या वरच्या टोकाशी आणली आणि आईला शेवटचा फोन लावला. मी येतेय, एवढंच सांगायचं होतं. विमानतळावर घ्यायला ये आणि मी पुढ्यात येईपर्यंत दुसऱ्या कुणाला भागू म्हणू नकोस.

वाजत राहिला.

संयोजिका बाईंना लावला. भरून ठेवलेला आनंदी आवाज. ग्रंथपालांना लावला. वाजत राहिला. पुन्हा आईला. आईकडच्या त्या फोनची जागा, त्याच्याखालचा आईने विणलेला रुमाल, शेजारची पाण्याची बाटली, सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. त्या ओळखीच्या खोलीत तिचा फोन कोकलत होता आणि कुणीही उठत नव्हतं. की कुणी म्हणत होतं, राहू दे गं आई, ती घाबरली की करते असं?

पुन्हा. पुन्हा.

मग तिने फोन कानापासून काढला. जिना उतरून पळून जायच्याऐवजी तिला एकदाच, फक्त एकदाच भांडायचं होतं. इतके दिवस ती कपांशी, टॉवेलशी, कपाटांशी भांडत होती. समोर येऊन कुणी तोंड देईल तर शपथ! त्या पहिल्या दुपारी हिनेच तर हाक मारली होती वरून, आणि आपण मुकाट ओ दिली होती. वाट चुकलेल्या वासरासारखी. आता ऐक म्हणावं माझी.

घर कान देऊन उभं होतं. खालच्या दाराच्या काचेतून उन्हाची एक पट्टी बोळकांडीत आली होती. ती पट्टी रुंद झाली, जसं कुणी दार लोटावं. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. भागूने तिकडे लक्षच दिलं नाही. रागाने तिचे कान भरून गेले होते. तिने छातीत श्वास भरून घेतला आणि, दूध उतू गेल्यावर आई मारते ना, तशी वैतागून, शेवट चढवून हाक मारली.

"भागूऽ!"

खाली काहीतरी फरशीवरून येत होतं. खर्र-टक. खर्र-टक. जिन्याच्या पायथ्याशी येऊन ते थांबलं.

भागूने आपल्या हाताकडे पाहिलं. बॅगेची मूठ तिच्या मुठीत घट्ट होती. बॅग जागची हललीसुद्धा नव्हती.

जिन्याच्या वळणामुळे खालचं माणूस दिसत नव्हतं. उन्हाच्या पट्टीत फक्त एक हात दिसत होता आणि त्या हातात नुकताच काढलेला एक बूट.

ओरडावं, सांगावं, उत्तर देऊ नकोस, तिसऱ्या हाकेपर्यंत थांब. तिने तोंड उघडलं. पण पहिल्या हाकेला ओ द्यायची सवय कुणाची किती जुनी आहे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

खालून, प्रवासाने घसा बसलेल्या, दमलेल्या, आज्ञाधारक आवाजात उत्तर आलं.

"ओ! आले हं!"